बरोबरी

काही दिवसांपूर्वी घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला. टाकवत नाही आणि वापरवतही नाही अशा सगळ्या वस्तू शेवटी माळ्यावर जातात. आमच्या माळ्यावरून निघालेला ऐवज असा: एक पितळी बंब, धाकट्याचे क्रिकेटचे पॅड, दिवाळी अंकांचे दोन गठ्ठे, आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा.

डब्यात बिस्किटं नव्हती हे उघडच आहे. थोरलीच्या बुद्धिबळाच्या स्कोअरशीट होत्या. दोनशेच्या आसपास असतील.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्पर्धेतला डाव खेळताना प्रत्येक चाल लिहून काढावी लागते. आपली आणि समोरच्याचीही. कागद दुहेरी असतो. वरचा आयोजकांकडे जातो आणि खालची कार्बनची प्रत खेळाडूला मिळते. म्हणजे आमच्याकडे होत्या त्या सगळ्या कार्बन प्रती. कार्बन काळाबरोबर फिका होतो. काही पानांवर आता नुसत्या निळसर सावल्या उरल्यात. त्यावर सात-आठ वर्षांच्या मुलीचं मोठं, ओळीबाहेर जाणारं अक्षर. मग ते हळूहळू लहान आणि नेटकं होत गेलेलं. शेवटच्या पानावर तारीख होती, जून २००९.

ते शेवटचं पान बघितलं आणि मी माळा आवरायचं सोडून स्टुलावरच बसून राहिलो.

आमच्या घरात बुद्धिबळ आलं ते एका लाटेबरोबर. २००० साली दोन गोष्टी घडल्या. पुण्याचा अभिजित कुंटे ग्रँडमास्टर झाला. आनंद, दिब्येंदू बारुआ आणि प्रवीण ठिपसे यांच्यानंतर भारतातला चौथा. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात आनंदने तेहरानमध्ये शिरोवला हरवून जगज्जेतेपद मिळवलं. आनंद तसा लांबचा, पण कुंटे आपल्या गावचा! त्यातून त्यांची बहीण मृणालिनी हीसुद्धा उत्तम खेळाडू. एका पुणेरी घरातली भावंडं हे करू शकतात म्हटल्यावर पुढच्या उन्हाळ्यात गल्लोगल्ली बुद्धिबळाची शिबिरं निघाली. थोरली तेव्हा सात वर्षांची होती. सुट्टीत घरात धिंगाणा नको, एवढ्या उदात्त हेतूने तिला एका शिबिरात घातलं.

वर्षभरात ती मला हरवायला लागली. आधी मी मुद्दाम हरायचो, मग एकदा लक्षात आलं की आता मुद्दाम हरायची गरज उरलेली नाही.

त्यानंतरची सात-आठ वर्षं आमचे शनिवार-रविवार स्पर्धांमध्ये गेले. शाळेचे हॉल, मंगल कार्यालयं. आत मुलांच्या रांगा, टकटक वाजणारी घड्याळं आणि ती विलक्षण शांतता. बाहेर कठड्यावर पालक. कोणी पेपर वाचतंय, कोणी डबा सांभाळतंय, कोणी दुसऱ्याच्या मुलाचं रेटिंग विचारून स्वतःचं रक्त आटवतंय. दार उघडलं की सगळ्या माना एकदम वर. बाहेर येणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावरून निकाल ओळखायचा. हरलेली मुलं खाली बघत येतात आणि जिंकलेली इकडेतिकडे बघत. माझी लेक मात्र दोन्ही वेळा सारखाच चेहरा करून यायची. मला विचारावंच लागायचं.

त्या कठड्यावर बसून एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. नऊ वर्षांखालच्या गटात मुली भरपूर असायच्या. अकराखाली जरा कमी. तेराखाली आणखी कमी. पंधराखाली येईपर्यंत पाच-सहा ओळखीचे चेहरे उरायचे, आणि त्यांच्यातच 'उत्कृष्ट मुलगी' वगैरे बक्षिसं फिरत राहायची. मी हे शेजारच्या पालकांना बोलूनही दाखवायचो. "मुली कुठे जातात हो पुढे?" असं अगदी सामाजिक चिंतेच्या सुरात. आता आठवलं की कानशिलं तापतात.

कारण मला इतिहासही पाठ होता. खाडिलकर भगिनींची गोष्ट मी थोरलीला किती वेळा सांगितली असेल! 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती वासंतीने जिंकली, आणि पुढे कित्येक वर्षं ते विजेतेपद त्या घराबाहेर गेलंच नाही. त्यातली रोहिणी १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, जेमतेम तेरा वर्षांची असताना! मोठा गहजब झाला. प्रकरण पार जागतिक संघटनेपर्यंत गेलं. तिथे अध्यक्ष होते माजी जगज्जेते मॅक्स युवे. त्यांनी स्पष्ट सांगितलं की स्त्री आहे म्हणून कोणाला खेळण्यापासून अडवता येणार नाही. पुढे १९८१ साली रोहिणी आशियाई विजेती झाली.

ही गोष्ट सांगताना मी स्वतःला नकळत नीलकंठरावांच्या जागी बसवायचो. आपणही त्यातलेच, असं वाटायचं. किंवा कोनेरू हंपीचे वडील अशोक. मुलीला शिकवता यावं म्हणून त्यांनी प्राध्यापकी सोडली. ती २००२ साली पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली.

मग आमच्या घरी दहावी आली.

दहावी ही काय चीज आहे हे मराठी माणसाला सांगायला नको. जून २००९ मध्ये थोरलीचा क्लास सुरू झाला. शनिवार-रविवार, पाच ते आठ. त्याच सुमारास एक स्पर्धा होती आणि तिची शेवटची फेरी नेमकी रविवारी दुपारी तीनला. तोपर्यंत तिला आंतरराष्ट्रीय रेटिंग मिळालं होतं. आकडा काही फार मोठा नव्हता, पण तिचा स्वतःचा होता. मी तिला स्कूटरवरून सोडलं आणि आत जाताना सांगितलं, "लांबवू नकोस हं. पाचला क्लास आहे."

एवढंच. ना ओरडलो, ना धमकी दिली.

चाळीस मिनिटांत ती बाहेर आली. नेहमीचाच चेहरा.

"काय झालं?"

"ड्रॉ."

"वा, छान!" मी म्हणालो आणि किक मारली. क्लासला दहा मिनिटं आधीच पोचलो. त्याचाही मला आनंद झाला होता.

त्यानंतर ती एकही स्पर्धा खेळली नाही. "दहावी झाली की परत खेळ," असं आम्ही म्हणालो होतो आणि ते खोटं नव्हतं. पण दहावीनंतर अकरावी सायन्स आलं, मग सीईटी, मग इंजिनिअरिंग. तिचं बुद्धिबळ कोणी बंद केलं नाही. ते बंद झालं. मराठीत ही क्रियापदं फार सोयीची आहेत, कर्ता शोधावा लागत नाही.

त्याच वर्षी आणखी एक गंमत झाली. गंमत कसली म्हणा. २००९ च्या शेवटाकडे अर्जेंटिनात झालेली मुलींची ज्युनिअर जागतिक स्पर्धा पुण्याच्या सौम्या स्वामिनाथनने जिंकली. आपल्या पुण्याची मुलगी ज्युनिअर जगज्जेती! मी पेपरातली बातमी मोठ्याने वाचून दाखवली. लेक बीजगणित सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, "हो, वाचलं." मला वाटलं, मुलगी अभ्यासात रमली.

मध्ये बरीच वर्षं गेली. थोरली नोकरीला लागली, लग्न झालं, खराडीला राहायला गेली. बुद्धिबळ घरात फक्त बातमीपुरतं उरलं. बातम्या मात्र एकाहून एक यायला लागल्या. २०२४ च्या सप्टेंबरात बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला, दोन्ही गटांत सुवर्ण मिळवलं. महिला संघाचे कर्णधार कोण, तर आपले अभिजित कुंटे! आणि त्या संघात तिसऱ्या पटावर नागपूरची दिव्या देशमुख. तिने वैयक्तिक सुवर्णही मिळवलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये महिलांच्या ग्रां प्रीचा एक टप्पा पुण्यातच, हडपसरला अमनोरामध्ये झाला. हंपी आणि चीनची झू जिनर यांचे गुण सारखे झाले, सरस टायब्रेकवर हंपी पहिली आली आणि दिव्या तिसरी. थोरलीच्या घरापासून ते ठिकाण हाकेच्या अंतरावर, म्हणजे पुण्याच्या रहदारीतली हाक. मी फोन करून म्हटलं, "जाऊन ये की." ती म्हणाली, "बघते." गेली नाही.

आणि मग जुलै २०२५. जॉर्जियात बाटुमीला महिला विश्वचषक. अंतिम सामना हंपी विरुद्ध दिव्या. दोघी भारतीय, एक अडतीस वर्षांची, दुसरी एकोणीस. दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले आणि सोमवारी, २८ तारखेला जलद डाव होते. थोरली त्या दिवशी आमच्याकडे होती. घरूनच ऑफिसचं काम. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉपमध्ये मीटिंग चालू आणि शेजारी टेकवलेल्या मोबाईलवर बाटुमी. पहिला जलद डाव बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती. घड्याळाची सेकंदं संपत आली तशी थोरलीने मीटिंगचा आवाज बंदच करून टाकला. चाली पटापट पडायला लागल्या आणि ती माझ्या आधी, समालोचकांच्याही आधी पुटपुटली, "गेला. हंपीचा डाव गेला."

सोळा वर्षं पट न मांडलेली मुलगी!

दिव्या जिंकली. गाठीशी ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नसताना थेट विश्वचषक जिंकून ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. त्या ८८ जणांत महिला फक्त चार. हंपी, हारिका, वैशाली आणि आता दिव्या. ती आईच्या गळ्यात पडून रडली ते आम्ही पाहिलं. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "तूसुद्धा..."

"बाबा, नको," ती म्हणाली आणि मीटिंगचा आवाज परत सुरू केला.

तर असा सगळा तो बिस्किटांचा डबा. पुढच्या रविवारी ती आली तेव्हा मी तो टेबलावर ठेवला. ती हसली, पानं चाळायला लागली. काही डाव तिला चक्क आठवत होते. "ही मुलगी हरली की रडायची. हिची आई मला चॉकलेट द्यायची, म्हणजे मी हिला सोडीन म्हणून!" असं करत करत ती शेवटच्या पानाशी आली आणि थांबली.

मी आठवडाभर मनात घोकलेलं भाषण सुरू केलं. ते फार शहाणं भाषण होतं. हजारो मुलं खेळतात, त्यातली ८८ ग्रँडमास्टर होतात. जगभरात आजवर सुमारे दोन हजार, त्यात महिला ४० च्या थोड्या वर. परदेशातल्या स्पर्धांचा खर्च, प्रशिक्षकांची फी, हे आपल्या पगारात कुठून आलं असतं? आणि तुझं काही वाईट झालं नाही, चांगली नोकरी आहे. हिशोब चुकलेला नव्हता.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, तू जे सांगतोयस ते बरोबरच आहे. मी ग्रँडमास्टर झाले नसते. मला वाटतं मी आणखी दोनेक वर्षांत हरायला लागले असते, कंटाळले असते आणि सोडलं असतं. बाकीचे सोडतात तसं. पण मला हरून सोडायचं होतं."

मी गप्प.

"आणि एक सांगू? त्याच्या दहावीत तू त्याला रोज सकाळी सहाला ग्राउंडवर सोडायचास. मुलांना डोकं मोकळं करायला काहीतरी हवं म्हणायचास. तो रणजी खेळणार आहे का, असं कोणी विचारलं नव्हतं."

धाकटा तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. त्याची दहावी २०१६ साली झाली. खरंच सोडायचो मी त्याला. पॅड माळ्यावरून निघाले ते त्याच वर्षीचे. आणि शपथेवर सांगतो, या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात असं इतक्या वर्षांत मला एकदाही वाटलं नव्हतं. मुलगी-मुलगा असा भेद मी कधी केला नाही, असं कोणी विचारलं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं. कठड्यावर बसून "मुली कुठे जातात हो पुढे?" असं विचारणारा मीच. त्या जात नव्हत्या. स्कूटरवर मागे बसवून, वेळेच्या दहा मिनिटं आधी, आम्हीच त्यांना पोचवत होतो.

बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती काहीच बोलली नाही. तिने तेव्हाही काही म्हटलं होतं का, हे मला आठवत नाही. आणि आठवत नाही, याचाच अर्थ बहुधा म्हटलं असावं.

थोरलीने ते शेवटचं पान उजेडात धरलं. "मी जिंकत होते," ती म्हणाली. "हे मला कायम वाटत आलंय. या स्थितीत मी जिंकत होते आणि तुझा क्लास आठवला म्हणून ड्रॉ विचारला. तिने लगेच हात पुढे केला."

हल्ली अशा गोष्टींचा निकाल लावणं सोपं झालंय. खिशातल्या मोबाईलवरचं इंजिन कोणत्याही ग्रँडमास्टरपेक्षा चांगलं खेळतं. ती एकेक चाल भरायला लागली. दोन-तीन ठिकाणी कार्बन पार उडाला होता, तिथे ती डोळे मिटायची आणि सांगायची. तेविसाव्या चालीला पोचलो. पांढऱ्याकडून खेळत होती ती. इंजिनने क्षणभर विचार केला आणि आकडा दाखवला. शून्य पूर्णांक शून्य शून्य.

म्हणजे बरोबरी. शुद्ध, पूर्ण बरोबरी.

मला वाटलं, आता ती खट्टू होणार. सोळा वर्षं मनात जपलेला विजय असा फुस्स झाला! आणि खरं सांगायचं तर मला आतून किंचित बरंही वाटलं. म्हणजे त्या दिवशी मी तिचं काही हिरावून घेतलं नव्हतं तर. हिशोब जुळला.

ती मात्र हसायला लागली. "याला काय कळतंय," मोबाईलकडे बोट दाखवून म्हणाली. "समोरची मुलगी किती घाबरली होती ते याला कुठे माहितीये? तिचा हात थरथरत होता. घड्याळात तिच्याकडे माझ्या निम्मा वेळ होता. अजून दहा चाली ती टिकली नसती."

इंजिनचं चुकलं नव्हतं आणि तिचंही. माझं भाषण त्या इंजिनासारखंच होतं, एवढं मात्र मला तिथे बसल्या बसल्या कळलं. आकडा बरोबर, पण पटावर आकडे बसत नाहीत. माणसं बसतात. आणि डाव खेळायचा की नाही हे ज्याच्या हातात मोहरी आहेत त्याने ठरवायचं असतं.

हंपीचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. मुलीच्या जन्मासाठी ती दोनेक वर्षं खेळापासून दूर राहिली, परत आली आणि २०१९ मध्ये मॉस्कोला व २०२४ मध्ये न्यूयॉर्कला जलद प्रकारात जगज्जेती झाली. बाटुमीत ती हरली तेव्हा अडतीस वर्षांची होती. हरायला तिथवर पोचावं लागतं. सगळ्यांना तेवढं जमणार नाही हे मान्य. पण हरण्याइतकं तरी खेळू द्यावं.

मी माफी मागितली. नीट जमली नाही. वयाच्या साठीला आलेल्या बापाला मुलीची माफी मागायचा सराव नसतो. "चुकलंच माझं," एवढं म्हणालो. ती म्हणाली, "हं." मग उठून आत गेली आणि कपाटातून जुना लाकडी पट घेऊन आली. एका हत्तीचा वरचा भाग तुटलेला आहे, त्याच्या जागी गेली वीस वर्षं आम्ही बाटलीचं बूच ठेवतो. तिने तेविसाव्या चालीनंतरची स्थिती मांडली. बूच कुठे ठेवायचं तेही तिला आठवत होतं.

"बस समोर," ती म्हणाली. "काळी तुझी."

"आत्ता? जेवायची वेळ झालीये..."

ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी बसलो.

तिने अंदाज दहा चालींचा केला होता, मी चौदा टिकलो. हात थरथरत होता की नाही ते मी सांगणार नाही.

डबा परत माळ्यावर गेलेला नाही. रंग देऊन झाला, बंब आणि दिवाळी अंक वर गेले, डबा खालच्या कपाटात आहे. त्यातलं शेवटचं पान फक्त ती घेऊन गेली. निकालाच्या रकान्यात पेनाने काही लिहिलं असेल का, हे मी विचारलेलं नाही.